पहिल्या चौकटीतल्या दहा खुणा

किड्यांनी शेवटची कात टाकली त्या दिवसापासून त्या घरात कुणी धड खाली बसलं नव्हतं. रेशमाच्या किड्यांचं असंच असतं. आधीचे वीस दिवस पाहुण्यासारखे सभ्य वागतात, जेवढा पाला घालाल तेवढा खातात. एकदा का शेवटची कात टाकून उठले, की आठ दिवस नुसता हैदोस. शेडमध्ये दोन्ही अंगांना पाच-पाच मजली रॅक, त्यावर बोटाएवढे पांढरे किडे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालू. करकर, करकर. परीक्षेच्या हॉलमध्ये शंभर पोरं एकदम उत्तरपत्रिकेची पानं उलटतात, तसा आवाज.

त्यात यंदा ऊन असं की खिडक्यांवरची ओली गोणपाटं तासाभरात कडक होऊन उभी राहायची. पाला कापायला दरवर्षी येणाऱ्या तिघी बायका या खेपेला दुसऱ्याच्या बागेत गेल्या होत्या. तिथं सावली होती म्हणे. मग पाला कापायचा कुणी? दादानं, आईनं आणि वहिनीनं. वहिनीचं बाळ तेव्हा एक्केचाळीस दिवसांचं होतं.

आणि भिंगरी? भिंगरी म्हणजे घरातली धाकटी, सोळा वर्षांची. हे नाव तिला गल्लीनं दिलं होतं, कारण तिचे पाय एका जागी ठरत नसत आणि तोंड तर मुळीच ठरत नसे. तिच्याकडे शेडमधलं काम होतं: पाला पसरायचा, चुना धुरळायचा आणि प्रत्येक ट्रे नीट बघायचा. न खाणारा, सुस्त पडलेला किडा दिसला की लगेच उचलायचा, आईला दाखवायचा. आई तो किडा उजेडात धरून डॉक्टरसारखी बघायची. "हा काल संध्याकाळपासून खात नाही," असंसुद्धा सांगायची. हजारोंत एक किडा उपाशी असला तरी आईला कळायचं.

नर्सबाई आल्या त्या सकाळी असाच एक किडा आईच्या तळव्यावर होता.

"घरात आहे का कुणी?" म्हणत नर्सबाईंनी स्कूटर सावलीला लावली. या बाईंना सगळं गाव पाठीमागं 'शंभर टक्के' म्हणायचं. लसीकरण? शंभर टक्के. वजनं? शंभर टक्के. पाऊस पडेल का विचारलं तरी हेच उत्तर.

"बाळंतिणीचा फॉर्म राहिलाय. दहा प्रश्न आहेत, मनाबिनाचे. वरून आलंय."

"ती पाल्यात आहे," आई रॅकमागून म्हणाली. "आता बोलावली तर दुपारचा पाला कोण आणणार? मी सांगते ना, विचारा."

नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं, चष्मा शोधला, तो सापडला नाही. मग त्यांची नजर भिंगरीवर पडली. "तुझं अक्षर छान आहे ना गं? शाळेच्या फळ्यावर बघितलंय मी. घे, तूच भर."

भिंगरी फुलून गेली. नुकतंच वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, कुणी नुसतं छान म्हटलं तरी तिला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटायचं. हात धुऊन, पुसून तिनं पेन घेतलं.

"पहिला," ती वाचू लागली, "गेल्या सात दिवसांत हसू येतं का?"

"येतं की! काय झालंय न हसायला?" आईचा आवाज.

"पहिली चौकट," नर्सबाई म्हणाल्या. पहिली म्हणजे काहीच त्रास नाही.

"उगाच स्वतःला दोष देता का?"

"तिला कशाला दोष द्यायला लागतोय? आम्ही आहोत ना," आई म्हणाली, आणि आई आणि नर्सबाई दोघी हसल्या. भिंगरीही हसली. ते हसणं तिला पुढं फार महागात पडलं.

"पहिलीच चौकट."

"झोप?"

"पडल्या पडल्या लागते. इतकं काम केल्यावर कुणाला लागणार नाही!"

असं करत नऊ झाले. दहावा प्रश्न भिंगरीनं मनात वाचला आणि अडखळली. स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, असा तो होता.

"हा असला विचारायचा नसतो," नर्सबाई घाईनं म्हणाल्या. "चांगल्या घरात असलं तोंडातून काढू नये. कर खूण. पहिली चौकट. आणि खाली सही."

"कुणाची?"

"तिचीच. येते ना तुला?"

येत होती. वहिनीची वळणदार, शेपटीला गाठ असलेली सही भिंगरीनं वहीच्या मागच्या पानांवर शंभर वेळा गिरवली होती, कारण वहिनीचं सगळंच तिला आवडायचं. तिनं ती गाठीसकट हुबेहूब केली.

"शाबास!" म्हणून नर्सबाई निघाल्या. सगळं मिळून चार मिनिटं.

वहिनी दुपारी आली. पाल्याचा भारा टाकला, बाळाला पाजलं, ताटावर बसली, दोन घास चिवडले आणि उठली. "वहिनी, जेवण?" भिंगरीनं विचारलं. "झालं," वहिनी म्हणाली. हल्ली तिच्याकडे दोनच शब्द उरले होते: 'झालं' आणि 'बरं'. एकेकाळी याच वहिनीनं अख्ख्या घरासमोर उभं राहून सांगितलं होतं, "ती शाळा सोडणार नाही. तिच्या वाट्याचा पाला मी कापीन." त्या वाट्याचा पाला वहिनी अजून कापत होती.

*

कात टाकल्यापासून पाचव्या दिवशी भरदुपारी शेडमध्ये बाळ रडत होतं. भिंगरी धावत आली तर बाळ पाल्याच्या रिकाम्या टोपलीत, खाली साडी घडी घालून नीट ठेवलेलं, वर ओलं फडकं सावलीला बांधलेलं. इतकं नीट, की भिंगरीनं आधी दाराशी वहिनीच्या चपला आहेत का ते बघितलं. रडतं बाळ वहिनीनं कधी असं ठेवून दिलं नव्हतं.

ती बाळाला तसंच टोपलीत ठेवून पळाली. आधी तुतीच्या ओळींत शोधलं, मग बांधावर, मग शेततळ्याकडे. तळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्या कागदावरून एकदा पाय घसरला तर माणसाला वर येता येत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत. वहिनी त्याच कागदावर बसली होती. चपला काठावर जोडीनं काढून ठेवलेल्या.

भिंगरीनं हाक मारली नाही. मागून जाऊन तिनं दोन्ही हातांनी वहिनीचं मनगट धरलं, टाचा मातीत रोवल्या आणि मागं ओढलं. दोघी काठावरच्या ढेकळांत पडल्या.

"बाळाला तुम्ही सांभाळाल," वहिनी म्हणाली. आवाज अगदी शांत. "तू तर सांभाळशीलच. मी काही कामाची नाही गं. पालासुद्धा कमी पडतो माझ्याच्यानं."

"मला सांगायचं ना, वहिनी!"

"कुणी विचारलंच नाही."

ते तीन शब्द भिंगरीच्या अंगावर उकळत्या पाण्यासारखे पडले. विचारलं होतं. दहा वेळा विचारलं होतं. आणि उत्तरं तिनं स्वतः, छान अक्षरात, दिली होती.

घरी आल्यावर भिंगरीनं सांगितलं, तसं आईचं तोंड पांढरं पडलं. पण आईचं भ्यालेपण कधी भ्याल्यासारखं दिसायचं नाही, ते रागासारखं दिसायचं. "कोष उतरेपर्यंत दम धरते. मग हिला माहेरी पोचवा. बाळ इथंच राहील. डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईच्या हातात नातू द्यायचा की काय!"

दादा ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. तो धार लावतच राहिला.

भिंगरी पळत नर्सबाईंच्या घरी गेली. "लगेच चला. काहीतरी करा."

नर्सबाई आल्या, पण हातात तो कागद घेऊन. "हे बघा, सगळं नीट आहे. हसते, झोपते, चिंता नाही. खाली तिची सही. कागदावर शंभर टक्के निरोगी बाई आहे ही."

"म्हणजे नाटकं!" आई म्हणाली. "महिनाभर नीट होती. काम वाढलं, तसं हिला हे सुचलं."

वहिनीनं कागदाकडे पाहिलं. सहीकडे पाहिलं. मग भिंगरीकडे पाहिलं, फार वेळ. भिंगरीला वाटलं, त्यापेक्षा फाडकन थोबाडीत मारली असती तर बरं.

"आणि उगाच बोभाटा करू नका," जाताना नर्सबाई दारात म्हणाल्या. "परवा वरून मोठ्या डॉक्टरबाई येतायत. माझे फॉर्म पूर्ण आहेत म्हणून प्रमाणपत्र देणार आहेत मला. सगळ्या भागात मी एकटी शंभर टक्के!"

स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली. भिंगरी तिथंच उभी होती. रडायला येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच. अंगात तिडीक आली, पायाच्या अंगठ्यापासून वर चढत गेली आणि डोक्यात जाऊन बसली, आणि तिथं बसल्यावर ती चक्क थंड झाली. परवा. बरं. परवा तर परवा. प्रमाणपत्र हातात पडायच्या आधीच त्या हाताला चटका बसायला हवा, असा की पुन्हा कधी दुसऱ्याच्या हातात पेन द्यायची छाती होणार नाही. आणि आईलासुद्धा. आईलासुद्धा! आणि हो, तिसरं नावही त्या यादीत होतं. ते कुणाचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

*

दोन दिवस भिंगरी पाला पसरून झाला की वही घेऊन गायब व्हायची. "शाळेचा प्रकल्प," असं सांगायची. गावात तान्ही बाळं असलेली अकरा घरं होती. प्रत्येक घरात ती बाळाला मांडीवर घ्यायची, त्याचं नाक कुणावर गेलंय यावर दोन मिनिटं वाद घालायची, आणि मग विचारायची, "दहा प्रश्नांचा फॉर्म कुणी भरला?"

"कसला फॉर्म?" सुताराची सून म्हणाली. तिचा नवऱ्यानं भरला होता, रंधा मारता मारता.

न्हाव्याच्या घरी सासऱ्यानं. "मला म्हणाल्या, हसते का? म्हटलं, माझ्यासमोर हसायची हिंमत आहे का तिची! तरी त्या म्हणाल्या, पहिल्या चौकटीत खूण करा."

सगळ्यात भारी निघाला पीठगिरणीवाला. त्याच्याकडे रांगेत नर्सबाईंची भेट झाली, चष्मा नव्हता, म्हणून त्यानं एका बैठकीत तीन फॉर्म उरकले. "एकीचं तर मला तोंडही माहीत नाही," तो पिठाळलेल्या भुवया उडवत म्हणाला. "पण झोप लागते म्हणून लिहिलं. आपण कशाला कुणाची झोप उडवा?"

त्या तिघींपैकी एक तर बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि अजून परतलीच नव्हती. कागदावर मात्र ती गावात होती, आणि आनंदात होती.

अकरांपैकी नऊ फॉर्म दुसऱ्याच कुणी भरले होते. भिंगरीनं घर, तारीख आणि 'खूण करणारा हात कुणाचा' असे तीन रकाने पाडून सगळं लिहिलं. सुताराची सून तिला पोचवायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ते प्रश्न काय होते गं? मला वाचून दाखव ना." भिंगरीनं ते आठवून वहीत उतरवले होते, ते वाचले. पाचव्या प्रश्नाला ती सून भिंतीला टेकली, आठव्याला तिनं तोंडात पदराचा बोळा धरला. भिंगरीनं तिचा हात धरून ठेवला, आणि तिच्या नावापुढं एक ठळक रेघ ओढली.

शेवटी राहिला दादा. तो बांधावर पाला बांधत होता.

"दादा, ती सही मी केली होती."

दादाचे हात थांबले.

"आईनं उत्तरं सांगितली, मी खुणा केल्या. वहिनीला कुणी विचारलं नाही. तू पण नाही विचारलंस. उद्या तिला दवाखान्यात आण. नाही आणलंस तर मी सगळ्या गावाला ओरडून सांगेन की तुझी बायको तळ्यावर बसली होती तेव्हा तू विळ्याला धार लावत होतास."

"उद्या किडे पिकणार आहेत," दादा कसाबसा म्हणाला.

"पिकू देत."

*

किडे खरंच पिकले. पिकले म्हणजे त्यांची भूक संपली, अंगं पिवळट, काचेसारखी आरपार झाली, आणि माना वर करून ते जागा शोधू लागले. या वेळी त्यांना उचलून कोष विणायच्या जाळ्यांवर सोडावं लागतं, आणि तेही काही तासांत. उशीर झाला तर कुठंही विणत सुटतात. आई पहाटेपासून उचलत होती. मान वर करून बघते तर शेडमध्ये ती एकटीच.

गावच्या दवाखान्याच्या खोलीत टेबलावर स्वच्छ चादर होती, बाटलीत फुलं होती. वजनकाटा पुसून कोपऱ्यात ठेवला होता. बाकांवर दहाबारा बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. मोठ्या डॉक्टरबाई ठेंगण्या होत्या, घामाघूम होत्या, आणि फाईल चाळत होत्या.

"अकरापैकी अकरा," त्या म्हणाल्या. "आणि एकीलाही त्रास नाही? कमाल आहे हं, सिस्टर."

"शंभर टक्के, मॅडम," नर्सबाई लाजल्या.

"मॅडम, मी बोलू?" भिंगरी उभी राहिली. आवाज वक्तृत्वाच्या वेळेसारखा खणखणीत निघाला. "यातल्या नऊ बायकांना काही विचारलेलंच नाही. कुणाच्या घरी सासऱ्यानं भरलंय, कुणाचं नवऱ्यानं. तिघींचं गिरणीवाल्यानं. ही यादी."

बाकांवर खुसखुस झाली. कुणीतरी "गिरणीवाल्यानं!" म्हणून फस्सकन हसलं.

"आगाऊ पोरगी आहे, मॅडम," नर्सबाई म्हणाल्या. "हिच्या घरात भानगड आहे, म्हणून माझ्यावर आळ घेते. हिच्या वहिनीची सहीसुद्धा आहे बघा फॉर्मवर."

"आहे ना. ती मी केलीय."

भिंगरीनं टेबलावरचं पेन उचललं आणि रजिस्टरच्या कोऱ्या पानावर, सगळ्यांच्या देखत, ती सही केली. एकदा, दोनदा, तीनदा. शेपटीच्या गाठीसकट.

"म्हणजे खोटी सही करणारी तूच!" नर्सबाई ओरडल्या. "गुन्हा तुझाच की!"

"हो. लिहून घ्या. माझं नाव सगळ्यात वर लिहा. आणि त्याच्याखाली, पेन माझ्या हातात दिलं कुणी, ते लिहा. दहावा प्रश्न वाचू नको म्हणालं कुणी, तेही लिहा. आमच्या शेडमध्ये एक किडा खाईना झाला तर त्याला उजेडात धरून बघतात, मॅडम. माझी वहिनी दीड महिना जेवली नाही."

नर्सबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. भिंगरीनं तो मन भरून पाहून घेतला. त्यासाठी ती दोन दिवस उन्हात फिरली होती, आणि एक क्षणही फुकट घालवायची तिची इच्छा नव्हती.

डॉक्टरबाईंनी मात्र ना टाळ्या वाजवल्या ना तिला शाबासकी दिली. त्या दाराकडे बघत होत्या. दारात दादा उभा होता, आणि त्याच्या मागं बाळाला छातीशी धरून वहिनी.

"सगळे बाहेर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिस्टर, तुम्हीपण. नवरा बाहेर. तूसुद्धा गं, वक्ते. बाळ असू दे. तुम्ही या, बसा."

दार लागलं. तेवढ्यात आई आली, धापा टाकत, हात कोपरापर्यंत हिरवे. "किडे पिकलेत आणि तुम्ही इथं तमाशा मांडलाय! सरक. मला आत जाऊ दे. तिला काय सांगता येणार? मी सांगते."

भिंगरी दाराला पाठ लावून उभी राहिली. "नाही."

"सरक म्हणते ना!"

"तू एकदा सांगितलंस, आई. मी लिहिलं. दोघींनी मिळून पुरेसं केलंय."

आईनं हात उगारला. तो दादानं वरच्या वर धरला. धरला आणि तसाच धरून ठेवला.

पायरीवर नर्सबाई बसल्या होत्या. "सहा गावं आहेत माझ्याकडे," त्या कुणाला तरी म्हणत होत्या. "सहा गावं, आणि पाय दोन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंगरीला दया यायला हवी होती. आली नाही. पुढं कधी आलीही असेल, त्या दिवशी नाही.

आत तास गेला. मग वर आणखी वेळ. शेवटी दार उघडलं.

"हा आजार आहे," डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "ताप येतो तसा. तापात माणूस नाटक करत नाही. औषध आहे, आणि दर आठवड्याला बोलायला यायचं आहे. बाळ आईजवळच राहील. काही दिवस त्यांना एकटं सोडायचं नाही, आणि त्या तळ्याला आजच कुंपण घाला. काम बंद. सिस्टर, अकराच्या अकरा फॉर्म पुन्हा. उद्यापासून, माझ्यासमोर. प्रमाणपत्राचं नंतर बघू."

"आणि आमचे किडे?" आईच्या तोंडून निघालंच.

"ते तुम्ही उचला," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आवाज बसका होता, पण 'झालं' नव्हता आणि 'बरं'ही नव्हता.

मग ती भिंगरीकडे वळली. "मला आत विचारलं, राग येतो का. मी म्हटलं, येतो. कुणाचा, तर पहिलं नाव तुझं घेतलं. दुसरं आईंचं."

भिंगरीनं मान खाली घातली. पण वहिनी स्वतः बोलली होती, आणि लाज वाटावी इतका आनंदही होत होता.

ते घरी पोचले तेव्हा अर्धे किडे जाळ्यांवर होते आणि अर्ध्यांनी वाटेल तिथं घरं केली होती: रॅकच्या फटींत, गोणपाटाच्या घडीत, विळ्याच्या मुठीवर. आई गुडघ्यांवर बसून ते एकेक खरवडत होती, आणि प्रत्येकाला वेगळी शिवी देत होती. दादा तळ्याकडे तारेची गुंडाळी घेऊन गेला.

वहिनी पंख्याखाली आडवी झाली. बाळ कुशीत. भिंगरी उंबऱ्यात, पहाऱ्याला. थोड्या वेळानं आई दारात आली, पदराला हात पुसत. "आण, बाळाला मी घेते. तू झोप हवी तर."

वहिनीनं डोळे उघडले नाहीत. बाळावरचा हात तेवढा थोडा आवळला. "नाही," ती म्हणाली.

आई पुढं केलेले हात तसेच घेऊन उभी राहिली. मग शेडकडे गेली.

"वहिनी," भिंगरीला राहवेना, "तू असं म्हणालीस ना, तेव्हा आईचं तोंड—"

"तू इथंच बस," वहिनी म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नकोस. माझा राग अजून गेलेला नाही."

भिंगरीनं ओठ घट्ट मिटले. अख्खी दुपार ती तशीच बसून राहिली, एका जागी, एक शब्द न बोलता, आणि वहिनी तिच्याकडे पाठ करून ढाराढूर झोपली.